धारेला मारलेला बोळा

अंबादास गुरुजींना उघडा नळ दिसला की त्यांचा हात आपोआप पुढं व्हायचा. मग तो नळ कुणाचाही असो. तुळजापूरच्या बसस्टँडवरचा, कुर्डुवाडीच्या फलाटावरचा, नाहीतर लग्नघरातला. बोलता बोलता मधेच उठून जायचे, चावी पिळून यायचे आणि अर्ध्यावर सोडलेलं वाक्य तिथूनच पुढं न्यायचे. मुलं म्हणायची, "गुरुजी एक वेळ गाडी चुकवतील, पण नळ चुकवणार न्हाईत."

मूळचे ते तुळजापूरचे. आलेल्या यात्रेकरूंना उतरवून घ्यायचं, त्यांची पूजा सांगायची, हे घरचं पिढ्यांचं काम. अंबादासांना ते जमलं नाही. दक्षिणेला हात पुढं करताना मान खाली जाते, असं म्हणत ते शिकले, मास्तर झाले आणि येरमाळ्याच्या अलीकडं, सडकेपासून आत असलेल्या एका गावात नोकरीला आले ते तिथलेच होऊन गेले. मान खाली जाऊ नये ही त्या माणसाची सगळ्यात जुनी इच्छा. ती बरीच वर्षं पुरी झाली होती.

गावात त्यांना मान होता तो शिकवण्यापेक्षाही पाण्यामुळं. बहात्तरच्या दुष्काळात गावातले सगळे आड तळ दाखवून बसले तेव्हा शाळेच्या आवारातल्या विहिरीला तेवढे झरे होते. पाण्यावरून डोकी फुटायची वेळ आली. गुरुजींनी विहिरीवर फळ्या टाकल्या, फळ्यांना कुलूप लावलं आणि कुलपाची किल्ली जानव्याला बांधली. पहाटे कुलूप उघडायचं, आळीआळीनं पाणी द्यायचं, मग पुन्हा लावायचं, म्हणजे झरे भरत. साखर कारखान्याचे आबाराव तेव्हा नुसते आबाराव होते, चेअरमन झाले नव्हते. पण त्यांच्याही बैलांना गुरुजींनी एक बादली जास्त दिली नाही. आबारावांनी हे पुढं भाषणांतून अभिमानानं सांगितलं. "माझ्या बैलाला न्हाई म्हणणारा मानूस हाय हा," असं ते म्हणत, आणि सभा हसत असे.

पाणी द्यायचा क्रम गावाच्या जुन्या सवयीचा होता. आधी वरची आळी, मग मधली, मग माळगल्ली, आणि सगळ्यात शेवटी बौद्धवाडा. बौद्धवाड्यातल्या बाया फळ्यांपासून लांब उभ्या राहायच्या आणि शिपाई शिवलिंगप्पा त्यांच्या घागरींत वरून पाणी ओतायचा. तोवर बादली गढूळ व्हायला लागलेली असायची. मग गुरुजी म्हणायचे, "बास. आता झरे भरू द्या." आणि कुलूप लावायचे. राहिलेल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यांकडं चालू लागायच्या. गुरुजींनी त्यांच्याकडं कधी पाहिलं नाही असं नाही. पाहिलं होतं. पण त्या जाणाऱ्या बाया आणि आपलं कुलूप यांचा काही संबंध असेल, असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. विहीर ज्येष्ठापर्यंत पुरली. कुणी मेलं नाही. त्यांना ते पुष्कळ वाटलं.

दुष्काळ सरला, कारखाना उभा राहिला, आबाराव चेअरमन झाले. त्यांनी शिक्षणसंस्था काढली आणि चौथीपर्यंतच्या शाळेचं दहावीपर्यंतचं हायस्कूल केलं. गुरुजी त्याचे हेडमास्तर. चौऱ्याऐंशी साली दिवाळीच्या आधी आबारावांनी त्यांना बोलावलं आणि म्हणाले, "गुरुजी, औंदा सहल कुठं?"

"वेरूळ-अजिंठा म्हणत होतो."

"ते सगळेच जात्यात. आपली पोरं परदेशी न्यायची."

गुरुजींना वाटलं, चेअरमन थट्टा करतायत.

"नेपाळला ओ. पासपोर्ट लागत न्हाय, काय न्हाय. रेल्वेनं जायचं, चालत हद्द वलांडायची. पेपरात फोटू द्यायचा, ग्रामीण भागातले विद्यार्थी परदेश दौऱ्यावर. शेजारचा कारखाना गप पडतो का न्हाय बघा."

अशी ती सहल ठरली. नववी-दहावीची मुलं, मोजक्या मुली, मुलींबरोबर शामलाबाई म्हणून हिंदीच्या बाई, आणि गुरुजी. मुलींत विशाखा होती. बौद्धवाड्यातली, वडील एसटीत कंडक्टर. ती वर्गात फार बोलायची नाही. पण एखादा प्रश्न विचारायची तो असा की उत्तर देताना गुरुजींना खडू खाली ठेवावा लागायचा. ती निघाली तेव्हा तिची आजी बनाबाई येडशीच्या स्टेशनपर्यंत आली होती. छोट्या गाडीच्या खिडकीतून धपाट्यांचं गठुडं आत देत ती म्हणाली, "गुरुजी, पोरगी तुमच्या हवाली हाय. तुमी असल्यावर मला घोर न्हाय."

"माझीच मुलगी समजा," गुरुजी म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते.

कुर्डुवाडीला गाडी बदलली, दौंडला बदलली, पुढं आणखी कुठं कुठं. दर स्टेशनावर कॅन भरून घ्यायचा गुरुजींचा हुकूम असे. धपाटी संपली, शेंगदाण्याची चटणी संपली, मुलांचे ओठ फुटले. शेवटी रक्सौलला उतरून टांग्यांनी हद्दीवर गेले तेव्हा दहावीतल्या मच्छिंद्रनं तिथली कमान खालीवर न्याहाळली आणि म्हणाला, "एवढंच व्हय गुरुजी? ह्याच्यापेक्षा आपला जकात नाका मोठा हाय."

"पाय टाक पलीकडं. परदेशात आलास," शामलाबाई म्हणाल्या.

त्यानं एक पाय टाकला, थोडा थांबला. "काय न्हाय वाटलं," म्हणाला.

काठमांडू पाहून झाल्यावर शैक्षणिक भाग म्हणून गुरुजींनी एक शाळा पाहायची ठरवली होती. ओळखीतून ओळख काढून, शहराबाहेर डोंगरउतारावरच्या एका लहान गावातल्या शाळेत दोन दिवस उतरायची सोय झाली. तिथले हेडमास्तर उत्साही माणूस, बनारसला शिकलेले, हिंदी छान बोलायचे. त्यांनी वर्गांमध्ये सतरंज्या घालून दिल्या आणि संध्याकाळी सगळ्यांना पाण्यावर नेलं.

ते पाणी गुरुजी पुढं मरेपर्यंत विसरले नाहीत.

जमिनीत खोल उतरलेला दगडी चौक, त्याला चारी बाजूंनी पायऱ्या, आणि समोरच्या भिंतीत ओळीनं तीन दगडी मगरी. मगरींच्या उघड्या तोंडांतून मनगटाएवढी धार पडत होती. नळ नाही, चावी नाही, पंप नाही. पाणी डोंगरातून यायचं, मगरीच्या तोंडातून पडायचं, खालच्या फरशीवर फुटायचं आणि फरशीच्या कडेच्या सांडीतून, म्हणजे सांडलेलं पाणी जायच्या चरातून, भिंतीखाली नाहीसं व्हायचं. मुलं कपड्यांसकट धारेखाली गेली. व्यंकट नुसता तोंड उघडं ठेवून उभा राहिला. पाणी आत पडत होतं आणि बाहेर सांडत होतं. हा व्यंकट बाराही महिने बापाबरोबर रानात दारं धरणारा, म्हणजे पाटाचं पाणी या सरीतून त्या सरीत वळवणारा पोरगा. तो म्हणाला, "गुरुजी, ह्यात आपली ईस एकर भिजतीय."

गुरुजी वरच्या पायरीवर उभे होते. त्यांना आनंद झाला नाही. त्यांची नजर भिंतीवर चावी शोधत होती.

"ये रात को बंद कैसा करते?" त्यांनी हेडमास्तरांना विचारलं.

हेडमास्तरांना आधी प्रश्नच कळला नाही. मग ते हसले. "बंद? यह बंद नहीं होता मास्टरजी. हमारे दादा के दादा ने भी बहता ही देखा है."

"और जब कोई भरता नहीं, तब?"

"तब भी बहता है."

मुलं आवरून जेवायला गेली. जेवणं उरकली तरी अंधार पडायला अजून अवकाश होता. गुरुजी पुन्हा तिथं आले, त्यांच्या मागं व्यंकट आणि भांडी घासायला आलेल्या दोन-तीन मुली. चौकात गावातलं कुणी नव्हतं. तीन धारा तशाच पडत होत्या. कुणाच्या घागरीत नाही, कुणाच्या शेतात नाही, नुसत्या फरशीवर.

"बघवत नाही रे," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच कातर झाला होता. "या लोकांना देवानं दिलंय, पण किंमत नाही. रात्रभर असंच जाणार."

"बोळा मारायचा का?" व्यंकटनं विचारलं.

रानात पाटाला भगदाड पडलं की चिंध्यांचा गोळा काठीला गुंडाळून त्यात ठोकतात, त्याला बोळा मारणं म्हणतात. गुरुजींनी इकडंतिकडं पाहिलं. सहलीला निघताना कारखान्यानं प्रत्येकाला एक पंचा दिला होता, काठाला कारखान्याचं नाव छापलेला. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला. व्यंकटनं स्वतःचा आणि मच्छिंद्रचा आणला.

विशाखा हातातलं पातेलं तसंच धरून उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, पण हे पाणी पुढं कुठं जातंय?"

"कुठं जाणार? वाया."

"त्या भिंतीखालून कुठंतरी जातंय की."

"अगं, सांडपाणी आहे ते. डोंगरात मुरत असेल."

तिनं सांडीकडं एकदा वाकून पाहिलं, इतकंच.

व्यंकटनं बोळे मारले. हात कसबी होता. एक मगर गप्प झाली, दुसरी झाली, तिसरीनं थोडा वेळ गुळण्या टाकल्या आणि तीही थांबली. चौक शांत झाला. इतका शांत, की वरच्या घरातलं मूल रडलेलं ऐकू आलं. गुरुजींनी दीर्घ श्वास सोडला. विहिरीला कुलूप लावल्यावर वाटायचं तसंच त्यांना वाटलं, एक दिवस वाचवला.

सकाळी मुलं दात घासायला चौकाकडं गेली ती पळत माघारी आली. "गुरुजी, बाया आल्यात. चला लवकर."

चौकाच्या वरच्या कडेला तांब्याच्या घागरी घेऊन बाया उभ्या होत्या. त्या पायऱ्या उतरत नव्हत्या. सकाळच्या थंडीत पाय जवळ घेऊन, घागरी कमरेवर ठेवून, नुसत्या आत पाहत होत्या. हेडमास्तरही आले होते. मगरींच्या तोंडांतले पंचे पाहून त्यांना हसावं की रागवावं कळत नव्हतं. चौकाच्या मागच्या उतारावर लाल चिखल झाला होता. तोंडं बंद झाल्यानं पाणी आतल्या आत तुंबलं होतं, वरच्या जुन्या भोकातून बाहेर पडलं होतं आणि सगळी रात्र निवडुंगातून खाली घळीत वाहून गेलं होतं. वाचलेलं असं काही नव्हतं.

"लड़कों ने किया?" हेडमास्तरांनी विचारलं.

व्यंकटनं मान खाली घातली. गुरुजी पुढं झाले. "नहीं, मैंने किया. पानी जा रहा था, इसलिए…"

"जा रहा था, मगर इन लोगों के पास जा रहा था."

मग हेडमास्तरांनी समजावून सांगितलं. भिंतीखालची ती सांड दगडी नळीतून डोंगराच्या खालच्या अंगाला जाते. तिथं एक वस्ती आहे. तिथं दगडी हौद आहे, त्यात हे पाणी पडतं, आणि ती माणसं तेच भरतात. रात्रीतून हौद भरतो, सकाळी रिकामा होतो. आज तो कोरडा आहे. पहाटेपासून पुरुष खाली नदीवर गेलेत.

"तो यहाँ आके क्यों नहीं भरते?" गुरुजींनी विचारलं. "इधर इतनी बड़ी धार है."

हेडमास्तर त्यांच्याकडं पाहत राहिले. धोतरावर उघडेच आलेल्या गुरुजींच्या खांद्यावरून जानवं खाली आलं होतं. हेडमास्तरांची नजर त्याच्यावर गेली आणि ते अगदी अदबीनं, घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "आप तो पंडित हैं. आपको क्या समझाना."

गुरुजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शामलाबाई शेजारीच होत्या, मुलं होती, विशाखा होती. सगळ्यांनी ऐकलं होतं. इतक्या लांब, देश ओलांडून आल्यावर, एका परक्या माणसानं त्यांना पहिल्या भेटीत ओळखलं होतं.

व्यंकटनं बोळे उपसले. पाणी खोकत बाहेर आलं, आधी तांबूस, मग स्वच्छ. बाया वळल्या आणि खालच्या वाटेला लागल्या. आता हौदात पाणी यायला वेळ लागणार होता.

"मी जाऊन येतो," गुरुजी म्हणाले. हेडमास्तर म्हणाले गरज नाही, ते लोक मनाला लावून घेत नाहीत. गुरुजींनी अंगात सदरा घातला आणि निघाले. शामलाबाई बरोबर निघाल्या, आणि विशाखाही. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं. नको म्हणायची हिंमत गुरुजींना झाली नाही.

वाट उताराची, दगडांची. खालच्या वस्तीतली घरं ठेंगणी, मातीनं सारवलेली. हौद गुडघाभर खोल, तळाला शेवाळ, आणि नळीच्या तोंडाशी नुकती कुठं ओल यायला लागलेली. पुरुष नदीवरून कावडी घेऊन चढत होते. त्यांच्या पिंढऱ्यांच्या शिरा उठल्या होत्या. गुरुजींना पाहून सगळे थांबले. एका म्हातारीनं लगबगीनं एक लाकडी पाट आणला, पदरानं पुसला, अंगणाच्या मध्यभागी ठेवला आणि लांब सरून उभी राहिली.

गुरुजींनी हात जोडले. "माफ़ करना. ग़लती हुई हमसे. पानी हमने बंद किया था."

शब्द कुणाला किती कळले कोण जाणे. पण हात जोडलेले पाहून म्हातारी घाबरली. तिनं आणि मग सगळ्यांनीच उलट हात जोडले, वाकून, कपाळाला लावून. गुरुजी माफी मागत होते आणि ती माणसं त्यांची माफी मागत असल्यासारखी दिसत होती. कुणीतरी हसलं, ओशाळं हसू. म्हातारीनं पुन्हा पाटाकडं हात केला. गुरुजी बसले.

उतरून त्यांचा घसा कोरडा पडला होता. समोर नदीवरून आलेली भरलेली घागर होती. त्यांनी ओंजळ करून खूण केली, पाणी.

म्हातारीनं घागर मागं ओढली. पदराआड घेतली. मान हलवत काहीबाही बोलली आणि वस्तीतल्या एका पोराला वरच्या अंगाला पिटाळलं. शामलाबाईंनी अंदाजानं सांगितलं, "गुरुजी, त्या म्हणतायत त्यांच्या हातचं तुम्हाला देणार नाहीत. पाप लागतं. वरून कुणाला तरी घेऊन येतील."

"मला चालेल म्हणावं."

"सांगितलं. ऐकत नाहीत."

विशाखा तोवर म्हातारीच्या जवळ गेली होती. तिनं ओंजळ पुढं केली. म्हातारी तिच्याकडं पाहीना. ती गुरुजींकडं पाहत होती, परवानगीसाठी. गुरुजींनी मान डोलावली. तेव्हा म्हातारीनं घागर कलती केली. विशाखा सावकाश प्यायली. तोंड पुसून ती पुन्हा शामलाबाईंच्या मागं उभी राहिली.

थोड्या वेळानं वरच्या गावातला एक माणूस पितळी लोटा घेऊन धापा टाकत आला. गुरुजींना त्याच्या हातून, त्या सगळ्यांच्या देखत, मगरीच्या धारेचं पाणी प्यावं लागलं. थंडगार आणि गोड पाणी होतं.

चढताना शामलाबाई पुढं गेल्या. विशाखा गुरुजींच्या चालीनं चालत होती. वाटेत ती म्हणाली, "गुरुजी, बहात्तरला मी लहान होते. आजी सांगते, आमची पाळी शेवटी यायची."

"हो."

"कुणी लावली होती?"

"तशी पद्धत होती, बाळ."

"इथल्यावानी?"

गुरुजी एका दगडावर टेकले. "दम लागला," म्हणाले. दम लागलाही होता. ती थोडी पुढं जाऊन, त्यांच्याकडं पाठ करून, ते उठेपर्यंत थांबली. एका मुलीनं आपल्याला ओशाळं वाटू नये म्हणून पाठ फिरवावी, याची त्यांना आणखीच लाज वाटली.

परतीच्या गाडीत बोळ्याची गोष्ट मुलांच्या तोंडी लागली. गोरखपूरपर्यंत ती रंगली, मनमाडपर्यंत तिला पंख फुटले. व्यंकट मगरीची नक्कल करायचा, गुळण्या टाकत. खालच्या वस्तीचा भाग गोष्टीत नव्हता. ती मुलं तिकडं गेलीच नव्हती. गुरुजी खिडकीशी बसून राहिले. एका स्टेशनावर समोरच नळ गळत होता. मच्छिंद्र म्हणाला, "गुरुजी, नळ." ते उठले नाहीत. मुलांना वाटलं, थकले.

गावी आल्यावर पुढच्याच आठवड्यात शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. मांडव घातला, कारखान्याचे संचालक आले, पेपरवाला आला. आबाराव बोलायला उठले. बोळ्याची गोष्ट त्यांच्या कानावर आधीच गेली होती.

"आपले गुरुजी कसे हायत बघा," ते म्हणाले. "मानूस परदेशात गेला. तिथं फुकट पानी. दुसरा आसता तर आंगोळ करून आला आसता. ह्यांनी काय केलं? बोळा मारला. नेपाळच्या लोकास्नी पान्याची किंमत शिकवून आले आमचे गुरुजी."

मांडव हसला आणि टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेत अनसूयाबाई, गुरुजींच्या पत्नी, नव्या लुगड्यात बसल्या होत्या. त्यांचा चेहरा फुलला होता. मग गुरुजींच्या गळ्यात हार पडला आणि त्यांना बोलायला सांगितलं.

ते गाडीतल्या सगळ्या प्रवासात ठरवून आले होते. सगळं सांगायचं. तिकडचं आणि इकडचंही. त्यांनी सुरुवात केली.

"ते पाणी वाया जात नव्हतं," ते म्हणाले.

त्यांनी सांडीचं सांगितलं, हौदाचं सांगितलं, नदीवरून चढणाऱ्या पुरुषांचं सांगितलं. त्या लोकांना वरच्या पाण्याला हात लावू देत नाहीत, हेही सांगितलं. "मी त्यांच्या तोंडचं पाणी पळवलं," असंही म्हटलं. बायांनी चुकचुक केलं. कुणीतरी म्हणालं, "आरारा, काय लोकं आसत्यात एकेक." मांडवातल्या सगळ्यांना त्या डोंगरावरच्या वरच्या गावाचा राग आला.

आता पुढचं वाक्य होतं. गुरुजींनी मान वर केली. समोर वरच्या आळीची माणसं होती, ज्यांची पाळी पहिली असायची. आबाराव होते. अनसूयाबाई होत्या. उजव्या हाताला, मांडवाच्या कडेला, बौद्धवाड्यातली माणसं आपापली बसली होती. विशाखा मुलींच्या रांगेत होती आणि सरळ त्यांच्याकडं पाहत होती. ती वाट पाहत होती, हे त्यांना स्पष्ट कळलं. आणि त्यांच्या मागं, पंचवीस-तीस पावलांवर, विहीर होती. नुसतं वळून हात केला असता तरी पुरे होतं.

"तर," गुरुजी म्हणाले. हारातलं एक फूल त्यांनी बोटांनी चुरगळलं. "तर विद्यार्थ्यांनी यातून बोध घ्यावा आणि पाणी जपून वापरावं. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो."

टाळ्या पहिल्यापेक्षा मोठ्या होत्या. आबारावांनी पाठ थोपटली. "लई मोठं मन हाय तुमचं गुरुजी. चूक कबूल करायला काळीज लागतंय." पेपरवाल्यानं फोटो घेतला. विशाखानं टाळ्या वाजवल्या का नाहीत, हे पाहायला गुरुजींनी तिकडं नजर नेली नाही.

चहा झाला, माणसं पांगली. मांडववाले दोऱ्या सोडायला लागले. गुरुजी व्यासपीठाच्या कडेला तसेच बसले होते. बनाबाई काठी टेकत आली आणि थोड्या अंतरावर जमिनीवर बसली.

"गुरुजी, पोरगी सुखरूप आनली. तेवढं सांगाय आले."

"हो. वर बसा की, बनाबाई."

"बरी हाय हितं." तिनं गुडघे पोटाशी घेतले. "त्या बायांचं आयकून वंगाळ वाटलं बगा. नदी किती लांब हाय त्यांची?"

"कोसभर असेल."

"उतार का चढ?"

"जाताना उतार, येताना चढ."

"म्हंजी भरल्या घागरीला चढ." तिनं मान हलवली. जाणकारानं मांडावा तसा तिनं मनात हिशोब मांडला. "आन थंडी आसंल तिकडं. आमाला निदान ऊन व्हतं. लेकरू काखंत आसलं म्हंजी मातुर चढाला जड जातंय."

गुरुजींना वाटलं, आता बोलावं. इथं मांडव नाही, आबाराव नाहीत. ओठ हलले. "बनाबाई, बहात्तरला…" म्हणाले आणि अडकले.

"व्हय, बहात्तरला," ती सहज म्हणाली. जसं काही ते दोघं मघापासून त्याच्याविषयीच बोलत होते. "कुलपाचा आवाज आमच्या वाड्यापातूर यायचा, सकाळचा. तेवढ्यावर आमी वळखायचो, आज आपलं न्हाई."

एक मांडववाला वासा खांद्यावर घेऊन मधून गेला. तो जाईपर्यंत दोघं थांबली.

"मग तुमी गेला तवा त्यांनी काय म्हनलं तुमाला?" बनाबाईनं विचारलं.

"कुणी?"

"त्या खालच्या लोकांनी वो."

"काही नाही. हात जोडले. बसायला पाट दिला."

"मग," बनाबाई म्हणाली आणि काठी धरून उठायला लागली. "आमी तरी काय म्हनलं व्हतं?"

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. गुरुजी उठून उभे राहिले, तिला हात द्यावा म्हणून पुढं झाले, पण तोवर ती आपली आपण उठली होती आणि पदर डोक्यावर घेऊन पटांगणातून चालू लागली होती. गळ्यात हार तसाच होता. तो काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. आणि घरी जाताना रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकानं त्यांना नमस्कार केला.